मोबाईल स्टार्टर: एक रब्बी, एक उन्हाळा आणि अर्धा पावसाळा वापरल्यावर

विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर, म्हणजे फोनवरून मोटर चालू-बंद करणारा डबा, बसवावा का, हे विचारणारे हल्ली बरेच भेटतात. माझं उत्तर एकच असतं: बसवा, पैसे वाया जात नाहीत. पण त्यातलं ‘ऑटो’, म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारं सेटिंग, डीपीवरच्या (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) बाकी शेतकऱ्यांशी बोलल्याशिवाय लावू नका. यूट्यूबवर या डब्यांचे ढीगभर व्हिडिओ आहेत. बहुतेकांत डबा टेबलावर मांडून तीन बल्ब जोडतात, फोन लावला की बल्ब लागतात आणि व्हिडिओ संपतो. शेतात बसवल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी काय होतं, ते त्यात कुठंच नसतं. म्हणून हे लिहितोय.

मी जालन्याला नोकरी करतो. शेती अंबड तालुक्यात, तीसेक किलोमीटरवर. मोसंबीची बाग, बाकी वावरात कपाशी आणि सोयाबीन. गावाकडं वडील असतात, आम्ही त्यांना दादा म्हणतो. वय सत्तरीच्या पुढं. विहिरीत ५ एचपीची पाणबुडी मोटर, बाग ठिबकवर. शेतीची थ्री फेज लाइट आठ तास. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात दादा बॅटरी आणि काठी घेऊन निघायचे. पावसाळ्यात त्या वाटेला घोणस निघते, रानडुकरं तर बारमाही. इकडं जालन्यात माझा डोळा लागायचा नाही. मोसंबीला पाणी चुकवताही येत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात बागाच्या बागा वाळून गेल्या, कित्येकांनी झाडं उपटून सरपण केलं. ते पाहिलेल्या माणसाला ‘राहू द्या, आज पाणी नका देऊ’ म्हणून काही उपयोग होत नाही.

कल्पना नवी नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ला २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं. आता अशा डब्यांच्या बऱ्याच कंपन्या झाल्यात. माझा डबा दुसऱ्या कंपनीचा आहे. कंपनीपेक्षा तो बसवणारा मिस्त्री महत्त्वाचा, असं माझं मत झालंय. ऑनलाइन हजार-दीड हजार स्वस्त मिळत होता, तरी मी जालन्यातल्या दुकानातूनच घेतला, कारण सेटिंग बदलायची वेळ आली की मोटारसायकलवर येणारा माणूस लागतो. डब्याला साडेपाच हजार पडले, वायरिंग आणि मजुरी वेगळी.

काम साधं आहे. डब्यात सिम असतं. लाइट आली की तो फोन करून मराठीत सांगतो. आपण फोन लावून आकडा दाबला की मोटर चालू, दुसरा दाबला की बंद. ॲपही आहे, पण आम्ही फोनवरच भागवतो. शिवारात इंटरनेट कधी असतं, कधी नसतं. साधा कॉल मात्र लागतो आणि दादांना बटणाचाच फोन हातात बसलाय. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज ‘लाइट आली का’ हा मेसेज पडायचा. आता बरेच जण तो मेसेज न टाकता थेट दादांना विचारतात.

सिमचं आधी बघून घ्या. स्वस्त डब्यांत टूजीचं मॉड्यूल असतं आणि जिओचं नेटवर्क पहिल्यापासून फोरजी, त्यामुळं जिओचं सिम त्यात चालत नाही. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल यांपैकी ज्याची रेंज विहिरीवर येते ते घाला, नाहीतर फोरजीचा डबा घ्या. रिचार्ज फक्त कॉल आणि एसएमएसचा पुरतो, डेटाचे पैसे कशाला घालायचे? ट्राय या दूरसंचार नियामकानं डिसेंबर २०२४ मध्ये असे प्लॅन ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं, तेव्हा दुकानदारानं डेटाचा पॅक पुढं केला तरी नाही म्हणा. डब्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. त्याच कंपनीचे डबे गावात पाच जणांकडं असतील तर पाचही पासवर्ड सारखेच असतात. नंबरही घरच्यांचेच नोंदवा, म्हणजे बाहेरच्याचा फोन डबा घेणारच नाही.

आता ज्यासाठी मी हा डबा सोडणार नाही, ते सांगतो. चालत जाणं वाचलं हा फायदा सगळ्यांना दिसतो. मला त्याहून मोठा वाटतो तो अँपिअरचा आकडा. वायरभोवती एक कडी बसवतात, सीटी म्हणतात तिला, आणि ती मोटर किती करंट ओढतेय ते सांगते. आमची मोटर व्यवस्थित चालू असली की ७.२ ते ७.४ दाखवते. हे बसवल्यावर मिस्त्री म्हणाला होता, ‘भाऊ, हा आकडा पाठ करून ठेवा.’ तेव्हा त्याचं महत्त्व कळलं नव्हतं. मार्चात एकदा आकडा ६.३ वर आला. लाइट ठीक, व्होल्टेज ठीक, मोटर चालू. मी दादांना फोन लावला, ‘ठिबकचा सँड फिल्टर उलटा धुऊन घ्या.’ धुतला, तर शेवाळ आणि गाळ इतका निघाला की पाणी हिरवं-काळं झालं. आकडा परत ७ च्या वर. ‘तुला तिथं बसून कसं कळलं रे?’ दादा विचारत होते. त्यात जादू काही नाही. फिल्टर तुंबला की पाणी कमी जातं, मोटारीवरचा भार उतरतो, करंट कमी होतो. उलट, मेन पाइप कुठं फुटला की पाणी मोकळं धावतं, मोटर जास्त ओढते आणि आकडा वर सरकतो. मे महिन्यात एका रात्री तो नेहमीपेक्षा बराच वर दिसला. सकाळी बघितलं तर डुकरांनी उकरून पाइपाचा जोड उघडा पाडला होता. विहीर तळाला लागली की आकडा झपकन साडेचारच्या आसपास येतो, तेव्हा डबा आपणहून मोटर बंद करतो. याला ड्राय रन म्हणतात. कोरडी चाललेली पाणबुडी मोटर जळते, आणि जळाली की काढायला माणसं, वाइंडिंग भरायला पैसे आणि वर उन्हाळ्यात आठवडाभर बाग उपाशी. हा एक बचावच डब्याची किंमत वसूल करून देतो.

कॅपॅसिटर, म्हणजे लाइनवरून ओढला जाणारा करंट कमी करणारं साधन, बसवल्यावर मात्र हे सगळे आकडे बदलतात. आम्ही ५ एचपीला २ केव्हीएआरचा बसवला आणि तीच मोटर ६.४ दाखवायला लागली. मोटर बिघडलेली नसते, लाइनवरून ओढला जाणारा करंट खरोखर कमी होतो. अशा वेळी मिस्त्रीला बोलावून ड्राय रनची मर्यादा नव्यानं लावून घ्यावी लागते, नाहीतर डबा विनाकारण मोटर पाडू शकतो. व्होल्टेजचंही तेच. कंपनीतून सेटिंग येतं ते ४१५ व्होल्ट डोळ्यांसमोर ठेवून. आमच्याकडं रात्री सगळ्यांच्या मोटारी चालल्या की ३५० सुद्धा नशिबानं मिळतात. पहिल्या आठवड्यात डबा दर तासाला मोटर बंद करायचा. मर्यादा थोडी खाली घेतली तेव्हा चालला, पण फार खाली घेऊ नका. कमी व्होल्टेजला मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि वाइंडिंग जातं.

व्हॉल्व्ह बदलायला माणूस लागतोच, हे विकणारे सांगत नाहीत. आमच्या बागेचे दोन भाग आहेत. एक भाग भिजला की व्हॉल्व्ह फिरवायला दादा किंवा गडी जातोच, फक्त आता उजाडल्यावर जातो. रात्री एकच भाग चालवायचा आणि टायमरनं मोटर बंद करायची, असं बसवून घेतलंय. आंबे बहारासाठी (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी) पाणी बंद ठेवून दिलेला ताण तोडताना पहिलं पाणी हलकं द्यायचं असतं, तेव्हा टायमर फार कामाला आला. नेमकं एक तास म्हणजे एक तासच.

किरकोळ त्रास आहेत. लोखंडी पेटीत अँटेना ठेवली तर रेंज मिळत नाही. वायर वाढवून ती बाहेर खांबाला बांधली. पावसाळा लागला की पेटीत मुंग्या शिरतात, कॉन्टॅक्टरच्या (मोटारीची लाइट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) पट्ट्यांमध्ये चिरडतात आणि एक फेज नीट टेकत नाही. डबा ‘फेज नाही’ म्हणतो, माणूस डीपीकडं धावतो, आणि दोष आपल्याच पेटीत असतो. पेटीची भोकं रबरानं बुजवा, महिन्याकाठी ब्रशनं झाडा, झाडण्याआधी मेन स्विच पाडा.

मेन स्विचवरून एक गोष्ट कळकळीनं सांगतो. फोनवरून मोटर चालू होते म्हणजे विहिरीवर कोण आहे हे न बघता चालू होते. दादा पाइपाचा जोड आवळत असतील आणि मी जालन्यातून आकडा दाबला तर? आमच्या घरात नियम केलाय: विहिरीवर काहीही काम असलं की मेन स्विच पाडायचा, किटकॅट (फ्यूज) काढून खिशात घालायचे, आणि मग हात लावायचा. घरातल्या कुणाच्याही फोनवर विसंबायचं नाही. ज्याच्या घरात तीन नंबर नोंदवलेत त्यानं हे लहान-मोठ्या सगळ्यांना बजावून सांगावं.

ऑटो लावलेला असेल तर हाच धोका दुप्पट होतो, कारण तिथं फोन करणाराही कुणी नसतो. लाइट आली की मोटर सुटली. आणि डीपीचं काय होतं ते तर सरळ हिशोबानं दिसतं. आमची डीपी ६३ केव्हीए क्षमतेची, म्हणजे पूर्ण भाराला साधारण ८४ अँपिअर. तिच्यावर चौदा मोटारी. एकेक मोटर चालताना ७ अँपिअर धरली तरी ९८ होतात, भार आधीच वर गेलेला. मोटर सुटताना पहिल्या क्षणी पाच-सहा पट करंट ओढते. लाइट आल्याबरोबर चौदाही मोटारी ऑटोवर एकदम सुटल्या तर मागणी पाचशे अँपिअरच्या घरात जाते. व्होल्टेज कोसळतं, निम्म्या मोटारी नुसत्या घुमतात, डीओ, म्हणजे डीपीवरचा फ्यूज, उडतो. मग कुणीतरी किटकॅटमध्ये जाड तार घालतं आणि पुढच्या वेळी फ्यूजच्या जागी डीपीच जळते. महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय, ऑटो स्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा. लोक ते सूचना म्हणून वाचतात आणि विसरतात. मला वाटतं प्रत्येक दुकानदारानं डबा विकताना हा हिशोब कागदावर मांडून दाखवावा. माझ्या एकट्याची झोप होते, पण डीपी गेली की चौदा घरांची बाग आणि कपाशी अडकते.

मोफत विजेनंही यात भर पडलीय. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत ७.५ एचपीपर्यंतच्या पंपाला एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत बिल नाही. शेतकऱ्याला तो मोठा आधार आहे, आम्हालाही आहे. पण बिल नाही म्हटल्यावर ऑटोवरची मोटर आठही तास चालली तरी कुणी बघत नाही. बेसाल्टातल्या आमच्या विहिरींना झरा किती, आणि उन्हाळ्यात तो भरायला किती वेळ घेतो, हे शिवारातल्या प्रत्येकाला माहीत आहे. टायमर असलेला डबा घेतलाय तर तो वापरा. आम्ही उन्हाळ्यात रात्री तीन तास मोटर चालवायचो, मग विहीर भरू द्यायचो, पहाटे परत दोन तास. बागेचं भागलं आणि ड्राय रनवर मोटर बंद पडण्याचे प्रसंग जवळजवळ थांबले.

पोळ्याच्या आधी डीपीवरचे आम्ही सगळे मारुतीच्या पारावर बसलो. ऑटो काढा म्हटलं तर कुणी काढणार नव्हतं, म्हणून वेगळा मार्ग काढला. बहुतेक डब्यांत ‘ऑन डिले’ असतो, म्हणजे लाइट आल्यावर किती वेळानं मोटर सुटेल ते ठरवता येतं. यादी केली. डीपीपासून लांब असलेल्यांची मोटर आधी, कारण त्यांना व्होल्टेज सगळ्यात कमी मिळतं. मग जवळच्यांची, एकेक मिनिटाच्या अंतरानं. आमचा नंबर नववा लागला, म्हणजे नऊ मिनिटं. आठ तासांत आळीपाळीनं चालणारे दोन गटही पाडायचे होते, त्यावर एकमत झालं नाही आणि चौदा मोटारींचा भार अजून तेवढाच आहे. पण लाइट आल्याबरोबर डीओ उडणं त्यानंतर बंद झालंय. तिघांकडं जुने ऑटो स्विच आहेत, त्यांत डिले नाही. त्यांना छोटा टायमर बसवावा लागेल. दोघं तयार आहेत, तिसऱ्या काकांशी दादांचं बोलणं चालू आहे. सोयाबीन निघाली की मिस्त्रीला एकदाच बोलावून तिघांचं काम करून घ्यायचं ठरलंय.