नववीच्या वर्गात थॉनी: एका शालेय वर्षाच्या वापरानंतरचा अनुभव

शाळेतले संगणक जुने असतील, नेटचा भरवसा नसेल आणि नववीच्या मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा पहिल्यापासून शिकवायची असेल, तर थॉनी वापरा. जूनपासून मार्चपर्यंत मराठी माध्यमाच्या वर्गात रोज वापरल्यानंतर मी हे सांगते आहे. त्यात उणिवा आहेत, त्याही पुढे लिहिल्या आहेत. पण मुलांना ज्या ठिकाणी खरी अडचण येते, तिथे याच्याइतकी मदत मला दुसऱ्या कशाचीच झाली नाही.

थॉनी हे पायथन लिहायचं आणि चालवायचं मोफत सॉफ्टवेअर आहे. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात आयवार अन्नामा यांनी ते नवशिक्यांसाठी तयार केलं. रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ते आधीपासूनच असतं. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये पायथनही येतं, त्यामुळे आधी पायथन टाका, मग पाथ सेट करा ही कटकट नाही. पेन ड्राइव्हवर फाइल घेऊन एका दुपारी आमची सगळी लॅब तयार झाली.

ब्राउझरमध्येच पायथन चालवणाऱ्या गुगल कोलॅबचा विचार मीही केला होता. पण त्याला नेट हवं, प्रत्येक मुलाचं खातं हवं. शिवाय हल्ली अशा ठिकाणी तुम्ही ओळ सुरू केली की पुढचं आपोआप सुचवलं जातं. पहिल्या काही महिन्यांत प्रत्येक ओळ मुलाने स्वतः टाइप केली पाहिजे, कंस विसरला पाहिजे आणि तो स्वतःच शोधला पाहिजे, यावर मी ठाम आहे. थॉनी मध्ये मध्ये करत नाही. फक्त न मिटलेला कंस किंवा अवतरणचिन्ह वेगळ्या रंगात दाखवतं, आणि तेवढं पुरतं.

आता मुख्य गोष्ट. नववीला बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणं असतात. त्याच मुलांसमोर मी फळ्यावर क्ष = क्ष + १ लिहिलं. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "बाई, हे चूक आहे. दोन्हीकडचा क्ष घालवला तर शून्य बरोबर एक येतं." गणितात तो मुलगा पूर्ण बरोबर होता. 'इथे बरोबरचं चिन्ह वेगळं असतं' असं सांगितलं की वर्ग मान डोलावतो, पण पटत कुणालाच नाही. मग क्षला आधी ७ ही किंमत दिली, थॉनीत कंट्रोल-एफ५ दाबून प्रोग्राम सुरू केला आणि एफ७ने एकेक पायरी पुढे गेलो. उजवी बाजू एका छोट्या चौकटीत वेगळी दिसते. तिथे क्षच्या जागी ७ येतो. मग ७ + १च्या जागी ८ येतो. या सगळ्या वेळात शेजारच्या व्हेरिएबल्सच्या, म्हणजे नावं आणि त्यांच्या किमती दाखवणाऱ्या, खिडकीत क्षची किंमत ७च असते. आणखी एकदा एफ७, आणि तिथे ८. आधी उजवी बाजू सोडवायची, मग उत्तर डावीकडच्या नावाखाली ठेवायचं, हा क्रम मुलांनी डोळ्यांनी पाहिला. शंका विचारणाराच मग पुढच्या बाकावर जाऊन दुसऱ्यांना समजावत होता.

इनपुटचंही तेच. दोन विषयांचे गुण विचारून बेरीज करायची होती. ४५ आणि ३८ दिले, उत्तर आलं ४५३८. एका मुलीने व्हेरिएबल्सच्या खिडकीत बोट ठेवून दाखवलं, की दोन्ही किमतींना अवतरणचिन्हं आहेत. इनपुटमधून येतो तो मजकूर, संख्या नव्हे, हे तिला मी सांगायच्या आधीच दिसलं होतं. मजकुराची संख्या करणारं इंट लावल्यावर चिन्हं गेली आणि ८३ आले.

फंक्शनमध्ये, म्हणजे नाव देऊन वेगळ्या ठेवलेल्या ओळींच्या गटात, एफ७ने शिरलं की नवी खिडकी उघडते आणि तिच्यात त्या फंक्शनचे स्वतःचे व्हेरिएबल्स वेगळे दिसतात. फंक्शनच्या आतला 'गुण' आणि बाहेरचा 'गुण' एकच नाहीत, हे यापेक्षा सोपं करून मला सांगता आलं नसतं.

आमच्या लॅबमध्ये काही मशिनांवर अजून विंडोज ७ आहे. तिथे थॉनीची जुन्या मशिनांसाठीची, पायथन ३.८ असलेली आवृत्ती टाकावी लागली, बाकीच्यांवर पायथन ३.१० आहे. हा फरक मी किरकोळ समजत नाही. तिसऱ्या ओळीत कंस मिटला नाही, तर ३.१० स्पष्ट सांगतं की हा कंस मिटवलेलाच नाही, आणि तीच ओळ दाखवतं. ३.८ चौथ्या ओळीवर बोट ठेवून नुसतं 'अवैध रचना' म्हणून थांबतं, आणि मुलं बिचारी ती बिनचूक चौथी ओळ पुन्हा पुन्हा खोडत बसतात. शक्य असेल तिथे ३.१० असलेलीच आवृत्ती टाका.

देवनागरीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण याबद्दल कुठे वाचायला मिळत नाही. पायथन ३मध्ये व्हेरिएबलला मराठी नाव देता येतं. किंमत, वह्या, एकूण ही नावं बिनतक्रार चालतात, आणि इंग्रजीची धास्ती असलेली मुलं त्यामुळे मोकळी होतात. इनपुटमध्ये कुणी देवनागरीत ४५ टाइप केलं, तर इंट त्याचंही पंचेचाळीस करतं. प्रोग्रामच्या ओळीत मात्र देवनागरी अंक चालत नाहीत, तिथे एरर येते. 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली की उत्तर ५ येतं. मुलं म्हणतात तीन. मग म, र, काना, ठ, वेलांटी असं फळ्यावर सुटं करून दाखवायचं. संगणक अक्षर कसं साठवतो यावर माझा एक अख्खा तास त्यातून उत्तम गेला.

पण थॉनीची पहिली उणीवही इथेच आहे. आमच्या लिनक्सच्या मशिनांवर संपादकात जोडाक्षरं तुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न दिसता नंतर जाऊन पडते. 'विद्यार्थी' वाचवत नाही. फाइल आतून बरोबर असते, दुसरीकडे उघडली की नीट दिसते, तरी नवशिक्या मुलाचा गोंधळ होतोच. विंडोजवर हा त्रास नाही, पण मराठी ओळीत कर्सर कधीकधी भलत्याच जागी दिसतो. मी आता नावं मराठीत ठेवू देते, पण शक्यतो जोडाक्षरांशिवाय.

दुसरी उणीव वेगाची. पायरीपायरीने चालवताना मोठं लूप, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा भाग, फार रेंगाळतं. टर्टल या पायथनच्या चित्रं काढायच्या साधनाने रांगोळी काढायची, दहा-दहा अंशांत वळत छत्तीस चौकोन, तर ती साध्या एफ५नेच चालवावी. न संपणारं लूप लाल बटणाने थांबतं, संगणक बंद करावा लागत नाही. आणि टर्टल शिकताना फाइललाही टर्टल नाव द्यायचा मोह सगळ्यांना होतो. थॉनी त्याच वेळी इशारा देतं, की या नावामुळे मूळ टर्टल वापरता येणार नाही.

सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पायथन आहे. तिकडे जाणाऱ्या मुलांना मोठ्या प्रोग्रामसाठी पुढे दुसरं सॉफ्टवेअर लागेल, पण दहावीपर्यंत मी थॉनीच ठेवणार आहे. व्हेरिएबल्सची खिडकी सुरुवातीला आपोआप उघडी नसेल तर व्ह्यू मेनूतून पहिल्याच तासाला उघडून घ्या. वर्षाच्या शेवटी मात्र मी ती मुद्दाम बंद करायला लावली. मुलांनी प्रत्येक ओळीनंतरच्या किमती आधी वहीत लिहायच्या, मग खिडकी उघडून ताडून बघायच्या. सुरुवातीला बऱ्याच जणांचं लूपचं शेवटचं चक्कर चुकायचं. मार्चपर्यंत बहुतेकांच्या वह्या खिडकीशी जुळायला लागल्या होत्या.