ट्रेल बॉसच्या चार बाटल्या आणि माझे ५०३ डॉलर

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. ५०३ डॉलर. काडतुसं भरायचं सामान विकणाऱ्या एका बनावट वेबसाइटने घेतले. त्यातले ३३८ पहिल्या फटक्यात गेले. उरलेले १६५ मी नंतर स्वतःहून पाठवले, नियम माहीत असलेला शहाणा माणूस म्हणून. जास्त राग या १६५ चाच येतो.

अमेरिकेत राहून घरी काडतुसं भरणारे मराठी लोक फार नसतील, पण आहेत. दोघांना मीच या नादाला लावलं आहे. म्हणून लिहितोय. भारतातल्या नातेवाइकांपैकी कोणी हे वाचत असेल तर घाबरू नका. इथे स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला परवाना लागत नाही, विकायचं असेल तर लागतो. आणि हे सगळं मी ग्रीन कार्ड हातात आल्यावरच सुरू केलं. एच-वन व्हिसावर असलेल्यांनी बंदूकच काय, काडतूस जवळ ठेवण्याआधीही फेडरल कायदा नीट वाचावा. शिकारीच्या लायसन्सची सूट आहे, पण ऐकीव माहितीवर जाऊ नका.

माझी .३०-३० मापाच्या काडतुसाची जुनी लिव्हर रायफल आहे. दुकानातलं काडतूस तिच्यातून सेकंदाला २,२०० फुटांच्या वर गोळी फेकतं. आवाज मोठा, खांद्याला दणका आणि खिशालाही. म्हणून मी शिशाच्या गोळ्या घरी ओततो आणि हजार फुटांच्या आसपास वेग ठेवतो. ध्वनीचा वेग साधारण १,१२५ फूट. त्याच्या खाली राहिलं की तो चाबकासारखा कडाका येत नाही, नुसता ‘धप्’ होतो. आमच्या क्लबच्या रेंजला लागूनच एका शेतकऱ्याचं घर आहे, त्यामुळे रविवारी सकाळी तर असंच काहीतरी चालतं.

अडचण दारूची. (बंदुकीची. दुसरी इथे मुबलक मिळते.) काडतुसाची मोठी पुंगळी आणि आत चिमूटभर, झटकन जळणारी दारू, यात धोका असा की चुकून दोनदा ओतली तरी वरून कळत नाही आणि रायफल फुटते. ट्रेल बॉस ही दारू म्हणूनच सगळ्यांची लाडकी. मुळात ऑस्ट्रेलियात बनणारी, शिशाच्या गोळ्या आणि कमी वेग डोळ्यांसमोर ठेवून केलेली. कण मेदुवड्यासारखे, मधे भोक, वजनाला हलके आणि जागा भरपूर खाणारे. पुंगळी भरल्यासारखी दिसते, दुसऱ्यांदा ओतली तर बाहेर सांडते. आणि नेमकी हीच २०२० नंतर बाजारातून गायब झाली. प्रायमरची, म्हणजे पुंगळीच्या बुडाशी बसून दारू पेटवणाऱ्या टिकलीची, तीच गत. पूर्वी हजाराची पेटी तीस-पस्तीस डॉलरला यायची, तिला २०२१ मध्ये गन शोमधले, म्हणजे बंदुकांच्या जत्रेतले, लोक दीडशे-दोनशे मागत होते, वर तोंडावर हसत होते.

हा काळ लक्षात घ्या. ‘एवढा शिकलेला माणूस फसला कसा’ असं म्हणणाऱ्यांनी तर नक्कीच घ्या. रिकामी फडताळं बघून बघून माणसाची अक्कल झिजते.

वेबसाइट नीटनेटकी होती. पत्ता, फोन, ग्राहकांचे अभिप्राय, कोपऱ्यात ‘काही मदत हवी का’ म्हणणारी चॅटची खिडकी. ट्रेल बॉस ३८ डॉलर, लार्ज रायफल प्रायमर हजाराला ६२. बघा, फुकट वाटावी अशी किंमत नव्हती. दहा डॉलर म्हटलं असतं तर मीही हसून बंद केलं असतं. जुन्या भावापेक्षा बरीच महाग आणि गन शोपेक्षा बरीच स्वस्त, म्हणजे एखादा प्रामाणिक दुकानदार लावेल अशी. चार बाटल्यांचे १५२, तीन हजार प्रायमरचे १८६, एकूण ३३८. घरपोच फुकट.

आता तो क्षण. मी तो इतक्या वेळा उगाळलाय की बायको म्हणाली, आता पुरे.

पानावर बाटलीचं वजन लिहिलं होतं १६ औंस, म्हणजे एक पौंड. ट्रेल बॉसची ती बाटली ९ औंसांची असते. इतर दारू ज्या डब्यात एक पौंड मावते, त्याच डब्यात ही नऊच औंस बसते, कारण ती फुगीर आहे. ज्याने एकदा तरी ती विकली असेल त्याला हे माहीत असतंच, कारण ‘पौंडाचा डबा आणि नऊच औंस कसे’ असं विचारणारं गिऱ्हाईक दर आठवड्याला येतं. माझ्या टेबलावरच्या फळीवर जुनी रिकामी बाटली उभी होती, लेबल माझ्याकडे. मी १६ वाचलं, मान वर करून ९ वाचलं, आणि ‘टाइप करणाऱ्या पोराने सगळ्या बाटल्यांना एकच आकडा डकवला असेल’ असं मनाशी म्हणून पुढे गेलो. वाचलं नसतं तर ‘लक्ष नव्हतं’ म्हणता आलं असतं. मी वाचलं, आणि त्या चोरांच्या वतीने सबबही मीच शोधून दिली.

दुसरी गोष्ट, फुकट घरपोच. दारू आणि प्रायमर घातक माल म्हणून जातात. खरा विक्रेता प्रत्येक खेपेला वीस-तीस डॉलरची हॅझमॅट फी लावतो, आणि माल रस्त्यानेच येतो. सरकारी टपालातून हे पाठवायला साफ बंदी आहे. या साइटवर फीचं नावच नव्हतं. पण मोठ्या ऑर्डरवर फी माफ करणारी खरी दुकानंही असतात, सणासुदीला तशा जाहिराती येतात. त्यामुळे ते तेव्हा खटकलं नाही, आणि हे मी अजूनही चुकीचं मानत नाही.

कार्डाचा पर्याय होता. कार्ड टाकलं की ‘तांत्रिक कारणाने सध्या बंद’. मग चॅटवाला म्हणाला, बँकेच्या अॅपमधून थेट पाठवा, सर. दारूगोळा म्हटलं की कार्डवाले आम्हाला त्रास देतात. हे या धंद्यातल्या लोकांकडून मी खरोखर ऐकलेलं होतं. पैसे ज्या नावावर गेले ते दुकानाचं नव्हतं, कुणा बाईचं होतं. ‘आमच्या हिशेबनीस आहेत.’ बरं.

चौथ्या दिवशी कुरिअरच्या नावाने ईमेल. माल वाटेत अडवला आहे, हॅझमॅट परवाना आणि विमा नाही, १६५ डॉलर भरा, माल पोचल्यावर परत मिळतील. आणि इथे मला आनंद झाला हो! फी लागायलाच हवी होती, ती लावायची राहून गेली होती, आता नियमाप्रमाणे चाललंय, म्हणजे दुकान खरं. जो नियम मला वाचवणार होता त्याच्याच नावाने त्यांनी मला दुसऱ्यांदा कापलं. भरले. दोन दिवसांनी दुसरं ईमेल आलं, २९० डॉलर, ‘राज्यसीमा मंजुरी’. असली काही भानगड नसते. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

भंगारवाल्याकडून शिसं, म्हणजे चाकांचा तोल साधायला लावलेली जुनी वजनं, घेताना मी प्रत्येक तुकडा ओरखडून बघतो. हल्ली चाकांची वजनं जस्ताचीही येतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४१९ ला. आच जास्त झाली आणि जस्त मिसळलं की अख्खं भांडं वाया, गोळ्या साच्यात नीट भरतच नाहीत. पाच डॉलरच्या शिशासाठी ही चिकित्सा करणारा मी!

आता यंत्रणेचं ऐका. बँकेला त्याच दिवशी फोन केला. तीन जणांनी एकमेकांकडे ढकललं. चौथी बाई फार गोड आवाजात म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केला होता, त्यामुळे ही अनधिकृत देवघेव होत नाही. म्हणजे चोराने माझा फोन हिसकावून पैसे पाठवले असते तर ते भरून देणार, मला गंडवून माझ्याच बोटाने पाठवायला लावले तर नाही. मी म्हटलं, निदान त्या बाईचं खातं गोठवा. ‘ते दुसऱ्या बँकेत आहे.’ मग त्या बँकेला कळवा. ‘आम्ही आमच्या पद्धतीने पाहू.’ दहा दिवसांनी पत्र आलं. दावा नामंजूर. खाली छापलेलं, आमच्या सेवेबद्दल अभिप्राय द्या. दिला.

पोलीस चौकीत वेगळीच परीक्षा. काय मागवलं होतं? दारू आणि प्रायमर. कशासाठी? माझं नाव, माझा रंग, माझा उच्चार, आणि समोर खिशातल्या वहीत ‘गनपावडर’ लिहून घेणारा तरुण शिपाई. पाच मिनिटं मी फिर्यादी होतो की संशयित तेच कळेना. शेवटी एक म्हातारा अधिकारी आला, तो स्वतः काडतुसं भरणारा निघाला. ट्रेल बॉस म्हटल्यावर हळहळला, कुठे मिळाली तर सांग म्हणाला. तक्रार मात्र घेतली नाही. पैसे दुसऱ्या राज्यात गेले, तिथे विचारा. तिथे विचारलं. ते म्हणाले, तुम्ही राहता तिथे नोंदवा. फेडरल पोर्टलवर फॉर्म भरला, एक क्रमांक आला. तो माझ्याकडे आहे. अजून फक्त तोच आहे.

साइटवरच्या पत्त्यावर कोण आहे ते शोधून फोन लावला तर तिथे एक खरं मशीन शॉप निघालं. मालक वैतागलेला. त्याचा पत्ता चोरलाय, आणि रोज कोणीतरी त्यालाच शिव्या देतं. मी दिल्या नव्हत्या, पण देणार होतो.

साइट पुढे बंद झाली. नंतर तेच फोटो, तेच अभिप्राय, नवं नाव. सगळीकडे जे संपलंय ते यांच्याकडे सगळं शिल्लक, आणि ‘एका गिऱ्हाइकाला एकच’ अशी अट नाही, ही पहिली खूण धरा. डोमेन कधी नोंदवलंय ते बघायला एक मिनिट लागतं. माझ्या दुकानदाराच्या ‘वीस वर्षांच्या सेवेचं’ डोमेन अडीच महिन्यांचं होतं. कार्ड चालत नसेल तर तिथेच थांबा. फोन लावा, आणि चॅटवर नाही, फोनवर दारूबद्दल एखादा आडवा प्रश्न विचारा, बाटली किती औंसांची एवढाही पुरे. हॅझमॅट फी ऑर्डर करतानाच दिसते. माल निघाल्यावर ती मागणारा चोरच.

याहून वाईटही होऊ शकतं, माल येऊ शकतो. सील तुटलेली, सुटी, दुसऱ्याच्या डब्यात भरलेली दारू कोणी पाठवली किंवा गन शोमध्ये स्वस्तात दिली, तर ती वापरू नका, कितीही ओळखीची दिसली तरी. आणि ट्रेल बॉस मिळत नाही म्हणून तिच्या मापाने दुसरी कुठलीही दारू भरायचा विचारसुद्धा नको. दारू बनवणाऱ्याने छापलेला मापांचा तक्ता नसेल तर रायफल कपाटात राहू दे.

ज्यांचे पैसे पाठवून झालेत त्यांनी आधी बँक, मग स्क्रीनशॉट, मग तक्रार. साइट कधीही नाहीशी होते. आणि तक्रार केल्यावर ‘तुमचे पैसे मिळवून देतो’ म्हणणारा एक येईल. माझ्याकडे आला, दीडशे डॉलर आगाऊ मागत होता. त्याला माझ्या ३३८ आणि १६५ या दोन्ही रकमा बरोबर माहीत होत्या, आणि त्या मी बँक, पोलीस आणि त्या पोर्टलशिवाय कोणालाही सांगितलेल्या नव्हत्या. म्हणजे तो त्यांच्यातलाच. नंबर ब्लॉक करा, बोलत बसू नका. मी वीस मिनिटं बोललो, त्याला भरपूर सुनावलं, आणि नंतर महिनाभर रोज नव्या नंबरवरून फोन येत होते.