डोकेदुखीची पेन्शन आणि माझे १,४२,४९९ रुपये

आधी आकडा सांगतो, लाज नंतर. १,४२,४९९ रुपये. चोवीस वर्षं नोकरी केलेला हवालदार मी, आणि मला गंडा घातला तो लष्करी कॅन्टीनच्या रांगेत भेटलेल्या, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातल्या माणसानं.

माझं अर्धं डोकं दुखायला लागलं ते २००८ साली, द्रासला असताना. उजव्या डोळ्यामागून सुरू होतं आणि मानेत उतरतं. उजेड नको, आवाज नको, पोटात ढवळतं. टॉवेल करकचून बांधून अंधारात पडून राहायचं, दुसरा इलाज नाही. २०१४ साली पेन्शनवर येताना फौजेच्या डॉक्टरांच्या बोर्डानं लिहिलं : मायग्रेन, २० टक्के अपंगत्व, आयुष्यभरासाठी. आणि खाली तो शेरा, ज्याला फौजेत ‘नाना’ म्हणतात. म्हणजे आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीनं वाढलेलाही नाही. नाना लागला की डिसॅबिलिटी, म्हणजे अपंगत्वाची, पेन्शन विसरा. त्या शेऱ्याविरुद्ध सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं असतं हे मला कुणी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही, घराचा स्लॅब पडायचा होता तेव्हा.

तो पांढऱ्या शर्टवाला स्वतःला माजी सुभेदार म्हणवायचा. असेलही. कारण त्याला सगळं पाठ होतं. २०१३ चा सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग निकाल : भरतीच्या वेळी कागदावर धडधाकट असलेल्या जवानाला पुढे आजार झाला, तर तो नोकरीमुळे नाही हे सरकारनं दाखवायचं, जवानानं नाही. पेन्शनसाठी २० टक्के अपंगत्वाचे ५० धरतात. १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के पेन्शन, म्हणजे ५० ला १५. हे सगळं खरं आहे, मी दुसऱ्यांकडून पडताळून घेतलं आणि तिथेच फसलो. एवढं खरं बोलणारा पुढचं खोटं कशाला बोलेल? “मेजर, रिटायरमेंटपासूनचा एरियर, सगळी थकबाकी, काढून देतो. ७ लाख ८० हजार.” उशिरा जाणाऱ्याला ट्रिब्युनल, म्हणजे फौजींचं कोर्ट, साधारणपणे अर्जाच्या मागच्या तीन वर्षांचाच एरियर देतं, हे आज मला माहीत आहे. तुम्हीही लक्षात ठेवा. दहा वर्षांचा एरियर खिशात घेऊन फिरणारा माणूस दिसला की चहाचे पैसे देऊन उठा.

फाइलचे १२,००० रोख. मग “बोर्डातल्या डॉक्टरला सांभाळायचे” ३५,०००, तेही रोख. हो, ते कशाचे होते हे मला कळत होतं. उगाच सोवळं नेसून बसत नाही. पण दहा वर्षं हक्काचं मिळालं नाही की माणूस म्हणतो, चला, असं तर असं.

मग व्हॉट्सॲपवर मंजुरीचं पत्र आलं. फोटो होता. वर तीन सिंह, खाली गोल शिक्का. त्यात माझा आर्मी नंबर होता आणि शेवटचं अक्षर नव्हतं. कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी जवान आपला नंबर त्या अक्षरासकट सांगतो. मी ते पत्र बघून थांबलो. अंगठ्यानं फोटो मोठा केला, पुन्हा वाचलं. अक्षर नव्हतंच. फोन लावला तर म्हणतो, “मेजर, कॉम्प्युटर अक्षर घेत नाही.” आणि मी “बरं” म्हणालो! त्या एका ‘बरं’चे मला २१,५०० पडले, एरियर सुटण्याआधी भरायचा टॅक्स म्हणून. टॅक्स असला तर सरकार कापून घेतं, आधी भरा आणि मग देतो असं म्हणत नाही, हे आमच्या मंडळींनी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. मी त्यांच्यावरच खेकसलो.

शेवटचा घाव ‘स्पर्श’च्या, म्हणजे फौजी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलच्या, नावानं बसला. डोकं ठणकत होतं, स्क्रीनचा उजेड डोळ्यांत सुईसारखा घुसत होता. त्याचा पोरगा घरी आला, “काका, द्या इकडं, नवीन ॲप टाकून देतो,” म्हणाला. दिला फोन. दोन ओटीपी आले, ते वाचू का म्हणून त्यानं विचारलं, मी डोळे मिटूनच हो म्हटलं. आधी ४९,९९९ गेले, मग २४,०००. व्हॉट्सॲपवर आलेलं ॲप घेऊ नका. डोकं दुखत असताना तर फोन कुणाच्या हातात देऊच नका.

आता पुढची मजा ऐका. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, “रोख तुम्ही स्वतःच्या हातानं दिलेत ना? मग फसवणूक कशी?” पावती मागतात. लाचेची पावती! ऑनलाइनसाठी जिल्ह्याच्या सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, आधी ठाण्याचं पत्र आणा. ठाण्यात पत्र लिहिणारा रजेवर. बँकेत गेलो तर मॅडम म्हणाल्या, ओटीपी तुम्ही दिला, आमचा संबंध नाही, आणि वर एक अर्ज पुढे सरकवला, इंग्रजीत, चार पानी. सैनिकांसाठीच्या कार्यालयात बाबूनं भिंतीकडे बोट दाखवलं : “दलालांपासून सावध, बोर्ड लावलाय की.” तो बोर्ड कपाटामागे होता. चार महिने झाले, माझा एफआयआर नाही, नुसता अर्ज आहे. देशासाठी नोकरी केली म्हणून चहा पाजतात, काम कुणी करत नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला मी तिसऱ्या दिवशी फोन केला, तोवर पैसे पुढच्या खात्यांतून निघून गेले होते. तुम्ही पहिल्या तासात करा.

आणि एक. बोर्डाचे कागद माहिती अधिकारात १० रुपयांत मागता येतात. अपीलं दोन, नंतर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, त्याचं खंडपीठ मुंबईलाही आहे. मी १२,००० भरून जी ‘फाइल’ विकत घेतली तिच्यात माझ्याच कागदांच्या झेरॉक्सा होत्या.

परवा कळलं, आमच्याच वाडीतल्या, फौजेत नायक असलेल्या एकानं त्याच सुभेदाराला १२,००० दिलेत. सांगायला गेलो. त्या नायकाचा पोरगा म्हणाला, “काका, तुमचं काम झालं नाही म्हणून तुम्ही आता सगळ्यांना अडवत फिरताय.”