कार्ला ब्ले, आठ महिन्यांच्या वापरानंतर

जानेवारीतल्या एका रविवारी नवऱ्यानं फ्रिज भिंतीपासून ओढून काढला, प्लग काढला आणि मागे कान लावून उभा राहिला. घरात कुठून तरी एक सलग गुणगुण येत होती. फ्रिज बंद केला तरी थांबेना. मग पंखा बंद झाला, इन्व्हर्टरला हात लावून झाला, शेजारच्यांच्या मोटरवर संशय घेऊन झाला. मी आतल्या खोलीत इस्त्री करत होते. पंधरा मिनिटांनी तो दारात येऊन म्हणाला, "हे तुझं चाललंय का?"

माझंच चाललं होतं. कार्ला ब्ले या अमेरिकन जॅझ संगीतकार आणि पियानोवादक बाईंच्या 'एस्कलेटर ओव्हर द हिल'चा शेवटचा ट्रॅक. १९७१ साली ही रेकॉर्ड तीन तबकड्यांच्या संचात आली, तेव्हा सहाव्या बाजूच्या शेवटची खाच बंद वर्तुळात कापलेली होती. सुई तिथंच फिरत राहायची आणि तो गुणगुणण्याचा आवाज तुम्ही उठून सुई उचलेपर्यंत थांबायचा नाही. सीडीत असं वर्तुळ कापता येत नाही, म्हणून तोच आवाज वीसेक मिनिटं लांबवून ठेवलाय. ट्रॅक सत्तावीस मिनिटांचा, त्यात गाणं कधीच संपलेलं असतं. विकत घेण्याआधी हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगून ठेवते.

मी जॅझची जाणकार नाही. आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवते, एवढंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये कार्ला ब्ले वयाच्या ८७व्या वर्षी गेल्या, तेव्हा त्यांच्यावर काहीबाही वाचनात आलं. वडील पियानोचे शिक्षक आणि चर्चमधले ऑर्गनवादक, मुलगी लहानपणापासून चर्चमध्ये वाजवणारी. पुढे न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबात सिगारेटी विकता विकता रोज रात्री जॅझ ऐकणारी. वाचून वाटलं, चर्चमधून आलेली बाई म्हणजे आपल्या जवळची असणार. मग काही महिन्यांनी नेटानं सुरुवात केली. जुना सीडी प्लेअर, दोन मध्यम स्पीकर, लोकलमध्ये हेडफोन आणि पैसे भरून घेतलेलं एक ॲप, एवढा सरंजाम.

पहिली अडचण संगीताची नव्हती, शोधण्याची होती. ॲपमध्ये बाईंचं नाव टाकलं की बाईंच्या नावाचे अल्बम येतात. पण त्यांचं अर्धं काम दुसऱ्यांच्या नावाखाली नांदतंय. १९६१चं पाहायचं तर क्लॅरिनेटवाल्या जिमी जुफ्रीच्या तिघांच्या बँडकडे जा, 'जीझस मारिया' तिथं आहे. 'अ जेन्युइन टाँग फ्युनरल' हे मरणावरचं अख्खं संगीत व्हायब्राफोन वाजवणाऱ्या गॅरी बर्टनच्या खात्यात. लिबरेशन म्युझिक ऑर्केस्ट्रा हा बँड बासवादक चार्ली हेडनच्या खात्यात. आणि गंमत म्हणजे पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या ड्रमर निक मेसनच्या नावावर १९८१ साली जो अल्बम आला, त्यातली सगळी गाणी बाईंची. आपल्याकडे हे काही नवं नाही म्हणा. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा या गोव्याच्या मंडळींनी हिंदी सिनेमाच्या गाण्यांचे वाद्यमेळ बांधले आणि पोस्टरवर नाव भलत्याचंच. फरक इतकाच की बाईंनी पुढे स्वतःची वॉट नावाची कंपनी काढली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या विलो गावातल्या घरीच स्टुडिओ थाटला. तेव्हापासून नाव त्यांचं, जमाखर्चही त्यांचाच.

पहिले दोन महिने मी चुकीच्या पद्धतीनं ऐकलं. अल्बम एकामागून एक, सालाप्रमाणे. त्यानं काहीच हाताला लागेना. कधी पाच-सहा माणसं, कधी दहा, कधी भलामोठा बिग बँड, कधी व्हायोलिन-व्हायोला-चेलो, कधी फक्त दोघं. दर वेळी वाटायचं, ही बाई निराळीच. मग एका रात्री वैतागून एकच चाल घेतली आणि ती जिथं जिथं सापडेल तिथं ऐकली. तिथून गाडी रुळावर आली, आणि नव्या माणसालाही मी हेच सुचवेन.

ती चाल 'उटविकलिंग्सांग'. नाव नॉर्वेजियन, 'उटविकलिंग' म्हणजे विकास. मी आधी १९८१चा 'सोशल स्टडीज' लावला. नऊ माणसं, त्यात ट्रंबोन, युफोनियम, ट्यूबा ही सगळी जाड गळ्याची पितळी मंडळी. चाल संथ, लांब लांब सूर, एखादी मोठी मिरवणूक पावसात हळूहळू निघालीय असा भास. मग १९८८चा 'डुएट्स' लावला. मिरवणूक गायब. पियानोवर बाई, बासवर स्टीव्ह स्वॅलो, बस्स. हा स्वॅलो इलेक्ट्रिक बास वाजवतो, पण वरच्या सुरांत असा गातो की गिटारच म्हणाल. तीच चाल आता घरात दोघं जण जेवणं आटोपल्यावर बोलत बसावीत तशी. पुढे २००० सालचा 'फोर बाय फोर', चार फुंकवाद्यं आणि चार ताल-साथीची, वर लॅरी गोल्डिंग्जचा ऑर्गन. तिथं ती चाल अल्बमच्या अगदी शेवटी येते. आणि २०१३चा 'ट्रिओज', त्यात तिघं: बाई, स्वॅलो आणि सॅक्सोफोनवाला अँडी शेपर्ड. 'ट्रिओज'ची सुरुवातच या चालीनं होते.

चारही वेळा चाल तीच. मी पेटीवर बसवून पाहिली. सूर दहा मिनिटांत सापडले, कारण बाई मुळात थोडक्या सुरांत लिहितात. पण माझ्या पेटीवर ती लगेच अभंगासारखी वाटायला लागली, आणि तिथं माझी चूक लक्षात आली. मी नुसती वरची चाल वाजवत होते. बाईंचं खरं काम खालच्या स्वरसमूहांत आहे. वर एक लांब सूर तसाच धरून ठेवलेला असतो आणि खालची जमीन सरकते, त्यामुळे तोच सूर आधी दिलासा वाटतो, मग टोचतो. नऊ माणसांत हे सरकणं जाडजूड आवाजाखाली झाकलं जातं, दोघांत ते उघडं पडतं. म्हणून मी म्हणते, तुम्ही आधी 'डुएट्स' ऐका आणि मग 'सोशल स्टडीज'कडे जा. मी उलटं केलं.

अशीच दुसरी चाल 'वश्कर'. माझ्या कानाला ते सरळ 'भास्कर' ऐकू येतं, त्यामुळे आमच्या घरात तिला भास्करच म्हणतात. १९६९ साली ड्रमर टोनी विल्यम्सच्या लाइफटाइम बँडनं ती अशी काही बडवली आहे की सकाळी लावायची सोय नाही. जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार, लॅरी यंगचा ऑर्गन, आणि ड्रमवर जणू भांड्यांचं कपाट कोसळतंय. 'ट्रिओज'मध्ये तोच भास्कर शांतपणे, दबक्या पावलांनी येतो. मला दोन्ही आवडतात, पण रोजच्या वापराला दुसरा.

आता ज्यासाठी हा सगळा खर्च वसूल झाला ते सांगते. १९८२चा 'लाइव्ह!' नावाचा अल्बम आहे, सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेट अमेरिकन म्युझिक हॉलमधला. दहा माणसं. त्यात 'द लॉर्ड इज लिसनिन टू या, हालेलुया' नावाची संथ, चर्चच्या वळणाची रचना आहे आणि तिच्यात गॅरी व्हॅलेंटे ट्रंबोन वाजवतो. वाजवतो म्हणणं कमीच झालं. आमच्याकडे सप्ताहात एक बुवा येतात, त्यांचा आवाज तिसऱ्या दिवशी पार बसतो, आणि त्या बसलेल्या आवाजातच ते चौथ्या दिवशी असं काही आळवतात की बायका पदर डोळ्याला लावतात. व्हॅलेंटेचा ट्रंबोन तसा आहे. भसाडा, फाटका, पितळ चिरत जाणारा. सुरावर सरळ येऊन बसायचं नाही, खालून घासत वर चढायचं. मागे ऑर्गन आणि बँड जवळपास काहीच करत नाहीत, नुसते उभे राहून धरतात. बाईंची खुबी इथं दिसते: त्यांना ट्रंबोन हवा नव्हता, हा माणूस हवा होता. त्याच्यासाठी मोकळं मैदान आखून दिलं आणि आपण बाजूला झाल्या. ठाण्याच्या पुढे गाडी रिकामी होते तेव्हा मी हे लावते. एकदा डोंबिवली चुकून कल्याणला गेले.

लिबरेशन म्युझिक ऑर्केस्ट्राबद्दल दोन शब्द. पहिली रेकॉर्ड १९६९ साली ध्वनिमुद्रित झाली. कल्पना हेडनची, मांडणी बाईंची. स्पेनच्या यादवीतली गाणी आहेत, पण मला गुंतवलं ते 'सर्कस सिक्स्टीएट सिक्स्टीनाइन' या तुकड्यानं. १९६८च्या शिकागोतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात व्हिएतनाम युद्धाविरुद्धचा ठराव पडला, तेव्हा काही प्रतिनिधी सभागृहातच 'वी शॅल ओव्हरकम' गायला लागले आणि ते दाबायला अधिवेशनाच्या बँडला वाजवायला सांगितलं गेलं. तोच गोंधळ इथं केलाय. दोन बँड एकमेकांवर आदळतात आणि त्यातून बाईंचा ऑर्गन ती चाल काढत राहतो. आपण शाळेत 'हम होंगे कामयाब' म्हणून जी ओळीत उभं राहून म्हटली, तीच. पहिल्यांदा ओळखली तेव्हा मी भाजी चिरत होते. सुरी हातात तशीच राहिली. कारण शाळेत ती म्हणताना समोर अडवायला कुणी नव्हतं.

देशभक्तिगीतांचा बाईंना नादच होता. १९७७च्या युरोप दौऱ्याच्या अल्बममध्ये अमेरिकेचं राष्ट्रगीत मायनरमध्ये, म्हणजे उदास छटेच्या स्वरांत वाजतं, २००३च्या 'लुकिंग फॉर अमेरिका'त ते पुन्हा मोडून-तोडून येतं, आणि २०२०च्या शेवटच्या 'लाइफ गोज ऑन'मध्ये 'ब्यूटिफुल टेलिफोन्स' आहे, ट्रंप व्हाइट हाउसमधल्या टेलिफोनचं कौतुक करत होते त्यावरची टोमणेबाजी. ऐंशी पार केलेली, मोठ्या आजारातून उठलेली बाई आणि टिंगल शाबूत.

ज्यात मन रमलं नाही तेही सांगायला हवं. 'फॅन्सी चेंबर म्युझिक' चार वेळा लावलं. हुशार आहे, टापटीप आहे, माझा चहा गार होतो. १९७७चा 'डिनर म्युझिक' स्टफ या बँडच्या सराईत वादकांना घेऊन केलाय, गुळगुळीत आहे. त्यातल्या 'आयडा लुपिनो'साठी ठेवा, नाहीतर ती चाल बाईंचे पहिले पती, पियानोवादक पॉल ब्ले यांच्या १९६५च्या 'क्लोजर'मध्ये जास्त चांगली आहे. १९८७च्या 'सेक्स्टेट'वर तेव्हाच्या कीबोर्डांची झाक आहे खरी, पण 'लॉन्स'मध्ये लॅरी विलिस पियानोवर जे करतो त्यासाठी सगळं माफ.

आणि 'एस्कलेटर'? ते लोकलमध्ये ऐकू नका, हेडफोनवर तर नाहीच. शंभराहून जास्त मिनिटं, पन्नासच्या वर माणसं, एका जुन्या हॉटेलात घडणारी कुठली तरी गोष्ट जी नीट कळतच नाही. क्रीम या रॉक बँडचा जॅक ब्रूस गातो, लिंडा रॉनस्टॅड गाते, डॉन चेरी तुतारीसारखा मधेच येतो, बाईंच्या चार-पाच वर्षांच्या मुलीचाही आवाज आहे. शब्द पॉल हेन्स या कवीचे. ते त्या काळात भारतात राहत होते आणि शब्द टपालानं अमेरिकेला जात होते. 'रावळपिंडी ब्लूज' नावाचं एक मोठं प्रकरण त्यात आहे, पण रावळपिंडी शोधायला जाल तर फसाल. मला अजूनही त्यातलं निम्मं कळत नाही. तरी सुरुवातीचं 'हॉटेल ओव्हर्चर' मी आठवड्यातून एकदा लावते. बँड एखाद्या जीर्ण वाड्याच्या जिन्यासारखा कुरकुरत उभा राहतो.

खरेदीची तक्रार. जुन्या मालाच्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी हा संच घेतला, वर्णनात 'पुस्तिकेसह' असं होतं. आला तेव्हा पुस्तिका नव्हती, डबीचा एक कोपरा तुटलेला. शब्द नसतील तर 'एस्कलेटर' म्हणजे परक्या लग्नात जेवायला बसल्यासारखं. तीन वेळा लिहिल्यावर थोडे पैसे परत आले, पुस्तिका आलीच नाही. तेव्हा आतले फोटो मागवल्याशिवाय पैसे भरू नका. ॲपवर ऐकणाऱ्यांनी सरमिसळ, म्हणजे शफल, बंद करून ठेवा. लांब रचनांचे तुकडे वेगवेगळे ट्रॅक म्हणून असतात आणि ॲप ते बेधडक उलटेपालटे लावतं.

सध्या प्लेअरमध्ये 'लाइफ गोज ऑन' आहे. बाई, शेपर्ड आणि तोच स्वॅलो, जो १९६१ साली जुफ्रीच्या बँडमध्ये बाईंची चाल वाजवत होता. मधे साठएक वर्षं. पियानोवर बोटं पडतात तीही मोजून, दोन सुरांमध्ये इतकी जागा की आमच्या किचनचा नळ ठिबकतोय हे कळतं. काल नवरा ऐकत बसला होता. मग उठून नळाचा वॉशर बदलून आला आणि परत बसला.