ओटा कशाचा करायचा: ग्रॅनाइट, क्वार्ट्झ की आपला कडप्पा?

मागच्या दिवाळीआधी आम्ही नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याच्या घरातला किचनचा ओटा तोडून नवीन केला, तेव्हा द्वारकेपासून अंबडपर्यंत जेवढी दगडाची दुकानं दिसली तेवढी मी पालथी घातलीयेत. आता इंदिरानगरच्या मावसबहिणीचं किचन निघालंय आणि ती रोज एक फोटो पाठवून विचारते, ताई हा पांढरा कसा वाटतो गं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पांढरा मार्बल आधी बाद कर. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, लिंबू, चिंच, टोमॅटो, ताक काहीही सांडून राहिलं की आंबट पदार्थ पॉलिश खाऊन टाकतो, तो डाग नसतोच मुळी, दगडच झिजलेला असतो, मग घास किती घासायचं ते. देवघराला लाव खुशाल.

कडप्पा काळा दिसत असला तरी तोही चुनखडीच्याच जातीचा, आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यातून येतो म्हणून ते नाव. म्हणजे लिंबाचा त्रास त्यालाही आहेच. आईच्या नाशिकरोडच्या घरी अजून कडप्प्याचाच ओटा आहे, सिंकजवळ पांढुरका पडलाय, पण आईने त्यावर वर्षानुवर्षं खलबत्ता आपटलाय आणि तो हूं की चूं करत नाही. सगळ्यात स्वस्त. भाड्याने द्यायचं घर असेल किंवा ओट्याखालचे खण करायचे असतील तर डोळे मिटून कडप्पा. राहत्या घराच्या ओट्याला मात्र मी आता नाही लावणार.

म्हणजे खरी मारामारी ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झची.

क्वार्ट्झ हा खाणीतून निघालेला अखंड दगड नाही, ९० टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झ खनिजाचा चुरा आणि बाकी रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा गोंद, असं कारखान्यात दाबून बनवतात. त्याला छिद्रं जवळपास नसतात, त्यामुळे तेल मुरत नाही, सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा लेप, मारायची कटकट नाही, रंग एकसारखा. दुकानात बघितल्यावर मन तिथेच जातं, माझंही गेलं होतं. पण ते रेझिन साधारण १५० डिग्रीच्या पुढे दम सोडतं आणि आपलं तळणीचं तेल १८० च्या घरात असतं. आपल्याकडे मिसळीचा कट उकळला की पातेलं उचलायचं आणि शेजारी टेकवायचं, खाली ठेवायला बोर्ड कोण शोधत बसणार? एकदा पिवळट चट्टा पडला की पडला. उन्हानेही रंग उतरतो, म्हणून ड्राय बाल्कनीत तर नकोच. आणि पांढऱ्यावर हळद रात्रभर राहिली तर सकाळी तू आणि तो डाग. घरात सगळ्यांना खाली काहीतरी ठेवायची खरंच शिस्त असेल तर घे, दिसतो छानच.

आणखी एक, ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या बनवलेल्या दगडावर बंदी घातलीये, कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने कारागिरांची फुप्फुसं जातात म्हणून. वापरणाऱ्याला धोका नाही, पण कुठलाही दगड घरात कोरडा कापू देऊ नकोस, धूळ ग्रॅनाइटचीही वाईटच.

मी काळा ग्रॅनाइट घेतला. गरम कढई सरळ ठेवते, सुरीचा ओरखडा उठत नाही, उलट सुरीच बोथट होते. फिका ग्रॅनाइट घेतलास तर शेगडीजवळ तेल मुरून काळसर दिसतं, त्याला सीलर लागतोच. काळ्याचा एकच वैताग, बोअरचं पाणी. सिंकभोवती पांढरा थर धरतो, रात्री कोरडं पुसून ठेवावं लागतं.

फसवणूक मात्र काळ्यातच जास्त. करड्या दगडाला रंग मारून जेट ब्लॅक म्हणून विकतात. मी एका दुकानात कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन सॅम्पलवर घासला तर कापूस काळाकुट्ट, आणि दुकानदार म्हणतो, मेण आहे ताई पॉलिशचं! मी तशीच बाहेर पडले. लिंबाचा रस थोडा वेळ ठेवून बघ, जागा फिकी पडली तर तो ग्रॅनाइट नाहीच किंवा रंगवलेला आहे.

बिलावर १८ एमएम लिहून घे आणि माल उतरला की पट्टीने मोज, पंधरा-सोळाचा सर्रास खपवतात. ओटा बहुतेक वेळा सिंकच्या पुढच्या अरुंद पट्टीतच तडकतो, म्हणून कटआउटचे, म्हणजे सिंकसाठी कापलेल्या जागेचे, कोपरे काटकोनात नकोत, गोल घ्यायला सांग आणि खाली आधार दे. उंची मिस्त्रीवर सोडू नकोस, ३२ ते ३४ इंच म्हणतात पण तू पोळ्या लाटतेस तशी उभी राहा, कोपराच्या चार-पाच इंच खाली जे येईल ते घे, नाहीतर तुझी पाठ आहे आणि तू.

शनिवारी दुकानात जायचं म्हणालीस ना, पर्समध्ये एक लिंबू टाक, रिमूव्हर मी आणते.