कॉलेजच्या लायब्ररीत: छापील प्रत की ई-बुक?
परीक्षा आठवड्यावर आली, पुस्तकाच्या प्रती पाच आणि मागणारी मुलं साठ. इथे ई-बुक सरसच. इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राच्या एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन साठ्यातून (२०१० पासून) सदस्य कॉलेजच्या विद्यार्थ्यांना लाखभराहून जास्त ई-पुस्तकं घरबसल्या उघडता येतात. एखादा शब्द शोधायलाही मी स्क्रीनच घेईन. सलग शंभर पानं वाचायची तर कागद. मराठी पुस्तकं मात्र त्या साठ्यात फारशी सापडत नाहीत, मराठीच्या विद्यार्थ्याला कपाटच गाठावं लागतं. आणि मालकीचं काय? छापील प्रत दाखल नोंदवहीत चढली की लायब्ररीची झाली. ई-बुक बहुधा परवान्यावर असतं, वर्गणी थांबली की दार बंद. काही परवाने तर एका वेळी एकालाच वाचू देतात, म्हणजे पुन्हा रांगच!