९११ देऊन हुराकान घ्यावी का? एका ठाणेकराचा हिशोब

ज्याच्या दारात पोर्श ९११ उभी आहे आणि डोक्यात लॅम्बोर्गिनी हुराकान बसली आहे, त्याला शून्य ते शंभर किती सेकंदांत हे सांगत बसण्यात अर्थ नाही. ते पाठच असतं. प्रश्न एवढाच की हातातली चांगली गाडी द्यायची, वर घोडबंदरला बऱ्यापैकी टू बीएचके येईल एवढी रक्कम घालायची आणि शाळेत असताना वहीच्या मागच्या पानावर काढायचो ती गाडी घरी आणायची, की गप्प बसायचं.

माझ्यापुढे हा प्रश्न आला तो वाशीच्या एका जुन्या दोस्तामुळे. त्याला त्याची हुराकान इव्हो काढायची होती आणि माझी ९११, म्हणजे ९९२ पिढीतली करेरा एस, त्याच्या मनात भरली होती. व्यवहाराचं बोलण्याआधी गाड्या बदलून वापरू, असं तोच म्हणाला. पावसाळा सरल्यापासून बरेच दिवस त्याची गाडी माझ्या पार्किंगमध्ये होती आणि माझी त्याच्या. त्यामुळे खाली लिहितोय ती निव्वळ वापरलेल्या माणसाची मतं आहेत. तुमचं घर, तुमचा रस्ता, तुमचा स्वभाव वेगळा असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं.

आधी हुराकानच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू लेचीपेची नाही. आपल्याकडे वेग हा मुद्दा हिशोबातून जवळजवळ बादच झाला आहे. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर ताशी ६०, अटल सेतूवर १००, पुणे एक्सप्रेसवेला सपाटीवर १०० आणि घाटात ६०, समृद्धीवर १२०. वर कॅमेरे, आणि चलान तुमच्याआधी घरी पोचलेलं. अशा रस्त्यांवर ९११ ची पंचाईत होते. तिचं ३ लिटरचं ट्विन टर्बो इंजिन शंभरला अर्धवट झोपेत असतं. गिअरबॉक्स आठव्यात जाऊन बसतो आणि तुम्ही एका अत्यंत उत्तम, अत्यंत शांत गाडीत बसून पनवेल कधी येतंय ते बघत राहता. तिची खरी गंमत सुरू होते तिथे कायदा संपलेला असतो.

हुराकानचं तसं नाही. ५.२ लिटरचा व्ही १०, म्हणजे दहा सिलिंडरचं इंजिन, टर्बो नाही, पूर्ण ताकद ८,००० आरपीएमला. पण तिथपर्यंत जायची गरजच पडत नाही. पहाटे वाशीहून बेलापूरकडे दुसऱ्या गिअरमध्ये साठच्या आत चाललात तरी मानेमागे काहीतरी गुरगुरत असतं. पाय उचलला की एक्झॉस्टमधून फटफट आवाज येतात, ते ऐकून माझ्यासारखा पन्नाशीकडे झुकलेला माणूसही उगाच गिअर खाली टाकतो. कमी वेगात एवढा आनंद देणारी दुसरी गाडी मी चालवलेली नाही. आणि ही चीज आता नवी मिळणार नाही. २०२४ मध्ये तिच्या जागी टेमेरारियो जाहीर झाली, ती ४ लिटरचा ट्विन टर्बो व्ही ८ आणि जोडीला विजेच्या मोटारी घेऊन. ती दहा हजार आरपीएमपर्यंत जाते, जास्त वेगवान आहे, सगळं मान्य; पण बिनटर्बोचा व्ही १० हवा असेल तर वापरलेलीच शोधावी लागणार. ‘आत्ता नाही घेतली तर कधीच नाही’ ही जी हुरहुर असते ती खोटी नाही, एवढंच म्हणतो.

खर्चाचं थोडक्यात सांगतो. टायरचा बाऊ करू नका. मागचे टायर दोन्हीकडे ३०५ रुंदीचेच आहेत, तुमच्या खिशाला त्याची सवय झालेली आहे. हुराकान इव्होला कार्बन सिरॅमिक ब्रेक येतात, ते मात्र घेण्याआधी नीट तपासून घ्या, कारण डिस्क बदलायची वेळ आली तर आकडा लाखांत जातो. थंड असताना ते करकरतातही. कापूरबावडीच्या सिग्नलला एवढी देखणी गाडी एसटीसारखी ओरडते तेव्हा जरा ओशाळायला होतं. क्लच किती झिजलाय ते कॉम्प्युटर लावून बघून घ्या. पेट्रोल १०० ऑक्टेनचं टाकायचं तर साध्याच्या दीडपट भाव. गाडी परराज्यातल्या नंबरची असेल तर सौदा स्वस्त दिसतो, पण बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली की नोंदणी इथे करावीच लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. एकरकमी कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाखांवर गेली आहे, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नका.

आता सगळे ज्याला घाबरतात ते: खालून घासणं. मीही घाबरून होतो. आयआरसीच्या, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा. तसा असता तर कुठलीच गाडी घासली नसती. आपल्याकडे उंची तेवढी असते, रुंदी मात्र पाटावरवंट्यातल्या वरवंट्याएवढी. तरी नाक वर उचलायचं बटण असतं, सवय होते, तिरकी गाडी घालायचं तंत्र जमतं. कासारवडवलीपासून माजिवड्यापर्यंत मी ते बटण इतकं दाबलं की शेवटी बोट आपोआप जायला लागलं. त्रास आहे, पण तेवढ्यासाठी स्वप्न सोडू नये.

दुसरी भीती जास्त खरी आहे. ९११ ची उंची साधारण १.३० मीटर, हुराकानची १.१६ च्या आसपास. कागदावर चौदा सेंटिमीटर. घोडबंदरला जेएनपीटीहून गुजरातकडे निघालेल्या कंटेनरच्या शेजारी उभे राहिलात की या चौदा सेंटिमीटरांचा अर्थ कळतो. खिडकीबाहेर बघितलं तर समोर ट्रेलरच्या चाकाचे नट, त्यातल्या एकावर लिंबू-मिरची बांधलेली, आणि ड्रायव्हरला तुम्ही मुळात तिथे आहात हेच दिसत नाही. मागचं तर विचारूच नका. मागची काच म्हणजे इंजिनावरच्या पट्ट्यांमधली फट. त्यात दुचाकीवाले. एकजण चालवतोय, मागचा मोबाईल धरून शूटिंग करतोय आणि चालवणाऱ्याची नजरही रस्त्याऐवजी तुमच्या दरवाजावर. ‘साहेब, एकदा रेव्ह मारा ना!’ पोरांचा आनंद निरागस असतो, रागावताही येत नाही. पण ती गाडीला चिकटून चालतात, पुढे खड्डा आला की पडणार ती, आणि आपण आरशात बघतोय तर काही दिसत नाही. मी घोडबंदरला पूर्ण वेळ पहिल्या लेनमध्ये श्वास रोखून चालवत असे.

तरीही हे सगळं मी पचवलं असतं. माझं मत फिरलं ते गाडी चालवताना नाही, उभी केल्यावर.

त्याचं झालं असं. घाणेकर नाट्यगृहात एका नाटकाची तिकिटं काढली होती, म्हटलं हुराकानने जाऊ. आवारात गाडी लावली, वॉचमनच्या हातावर काही ठेवलं, त्याला म्हटलं जरा बघा. तो म्हणाला, ‘बघतो साहेब, पण ॲव्हरेज काय देते?’ आत जाऊन बसलो. पडदा वर गेला आणि माझ्या लक्षात आलं की मी नाटक बघतच नाहीये. बाहेर कोण टेकलं असेल, कोणी पोराला पुढच्या झाकणावर बसवलं असेल का, आरसा दुमडलाय की नाही, हेच. बायकोने दोनदा कोपराने ढोसलं. मध्यंतर झालं तेव्हा लोक बटाटेवड्याच्या रांगेकडे गेले आणि मी गाडीकडे. आठ-दहा माणसं सभोवती होती. कुणी वाईट वागत नव्हतं हो, एका आजोबांनी तर नातवाला ‘हात लावायचा नाही’ असं बजावलेलं ऐकलं. पण मागे गेलो तर इंजिनावरच्या झाकणावर पाच बोटांचा ठसा, मधोमध, तेलाचा. वडा खाऊन कुणीतरी व्ही १० नीट दिसावा म्हणून हात टेकून वाकलं होतं. पुसायला रुमाल काढला, तेवढ्यात तिघांनी सेल्फीसाठी विचारलं. दुसरा अंक मी बघितला नाही. बायको आत, मी बाहेर.

मग हेच सगळीकडे दिसायला लागलं. राम मारुती रोडला खरेदी असेल तर ती गाडी घरी. लग्न असेल तर व्हॅलेच्या मुलाला किल्ली देणार का? नाही. मग हॉलच्या दारातच लावा आणि नवरदेवापेक्षा तुमच्याभोवती जास्त गर्दी. नात्यातल्या कुणाला दवाखान्यात बघायला जायचंय? तिथे त्या गाडीने उतरणं बरं दिसत नाही. आमच्या सोसायटीत वरखाली होणारं मेकॅनिकल पार्किंग आहे. आरशांसकट सव्वादोन मीटर रुंदीची गाडी त्या पाळण्यात घालायची हिंमत माझी तरी झाली नाही, म्हणून एका शेजाऱ्याची तळाची जागा उसनी घेतली. म्हणजे गाडी घेऊन निघायचं, कुठेही न उतरता फिरायचं आणि परत आणून ठेवायची. पहाटेच्या फेरीला हे ठीक आहे. पण माझ्यासाठी गाडी म्हणजे कुठेतरी जाण्याची गोष्ट आहे, आणि कुठे गेलो की तिथे लक्ष लागलं पाहिजे. ज्या गाडीतून उतरून निर्धास्त निघून जाता येत नाही, तिचा मालक मी नसतो, राखणदार असतो.

९११ कडे लोक बघतात, नाही असं नाही. पण बघून पुढे जातात. तिची बेडकासारखी गोल आकृती अनेकांना ‘जुन्या मॉडेलची’ वाटते, आमच्या दूधवाल्याने तर एकदा तसं बोलूनही दाखवलं. तिच्या गुणांमध्ये मी हा गुण आता पहिला धरतो. वाशीच्या एपीएमसीत तिला घेऊन गेलोय आणि मागच्या त्या नावापुरत्या दोन सीटांवर हापूसच्या पेट्या रचून आणल्यात. हुराकानमध्ये मागे सीटच नाहीत, पुढच्या डिकीत एक छोटी बॅग गेली की संपलं. पावसात तर तुलनाच नको. ९९२ च्या पुढच्या चाकांच्या खाचेत आवाज टिपणारे सेन्सर आहेत, चाकांनी उडवलेल्या पाण्याच्या आवाजावरून रस्ता ओला असल्याचं गाडी ओळखते आणि वेट मोड लावायला सुचवते. गायमुखच्या उतारावर, जुलैमध्ये, पुढचं काही दिसत नसताना हे किती धीर देतं ते तिथे अडकलेल्यालाच कळेल. हुराकान जून ते सप्टेंबर चार्जरला लावून झाकून ठेवायची, असाच दोस्ताचा शिरस्ता होता.

न्याय म्हणून हेही सांगतो: हुराकान परत केल्यावर पहिल्यांदा ९११ चालू केली तेव्हा इंजिन सुरू झालंय की नाही हे बघायला मीटरकडे नजर गेली होती. ती उणीव अजून जाणवते. पाम बीचला साठने जाताना जास्तच.

त्यामुळे माझा कल तुम्हाला कळला असेल, पण तो सरसकट लागू करू नका. तुमची ९११ ही रोजची गाडी नसून रविवारचीच असेल, घरात तिसरी-चौथी गाडी असेल, बंगल्याचं स्वतःचं बंद गॅरेज असेल आणि लोकांच्या घोळक्यात तुम्ही खुलत असाल, तर बेलाशक बदला. व्ही १० चे दिवस थोडे उरलेत. रस्त्यांची फारच धास्ती असेल तर हुराकानचीच स्टेराटो ही आवृत्ती शोधा. तिचा तळ जमिनीपासून इव्होपेक्षा ४४ मिलिमीटर वर, जगभर १,४९९ च बनल्या, त्यामुळे मिळणं कठीण आणि भाव तोंड फाडून. आणि तिच्याभोवती गर्दी आणखीच जमेल हे गृहीत धरा.

एरवी, विकणाऱ्याकडे टेस्ट ड्राइव्ह मागाल तेव्हा एक संध्याकाळ मागून घ्या. बायकामुलांना घेऊन जेवायला जा, गाडी दिसणार नाही अशा टेबलावर बसा आणि जेवण कसं गेलं ते बघा. बहुतेक विकणारे नाही म्हणतील. ओळखीतला असेल तर देईल.

दोस्ताची गाडी शेवटी खारघरच्या एकाने घेतली. त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, पहाटे पाचला उठायची सवय आहे, आणि नाटकाबिटकाला तो जात नाही. खूश आहे. दोस्ताला मात्र ९११ चा नाद सुटेना. त्याने दुसरीकडून एक निळी करेरा मिळवली आणि आता तो माझ्याकडे विम्याच्या एजंटचा नंबर मागतोय.